खापरपणजोबांचा शोध : दप्तरावरून वंशावळ कशी लावावी



वारसनोंद, वाटप किंवा दाखल्याच्या कामी वंशावळ मागितली की आपली गाडी पणजोबांपाशी अडते. मग कुणीतरी आठवेल तशी नावे सांगतो. त्यात एक नाव राहिले तरी एक अख्खी शाखा हक्काला मुकते. म्हणून वंशावळ दप्तरावरून कशी लावायची, ते आपण पाहू.

१) आजपासून मागे जावे. प्रथम आपला सातबारा घ्यावा. त्यावरील फेरफार नंबर पाहून त्या फेरफाराची नक्कल काढावी. अमका मयत, वारस अमके, असे त्यात लिहिलेले असते. त्यावरून आधीचा फेरफार काढावा. मुंबई इलाख्यात १९०३ च्या कायद्याने हक्कनोंदणी आली, तिथपर्यंत ही साखळी बहुधा पोचते.

२) त्यामागे नंबराचा माग धरावा. १८३६ साली गोल्डस्मिड व विंगेट यांनी इंदापूर तालुक्यात मोजणी सुरू केली. पुढे ती पद्धत इलाखाभर गेली. शेताला नंबर पडला, आकार बसला, सारा भरणाराचे नाव लागले. माणसे गेली, नंबर राहिला. जिथे १९४७ च्या कायद्याने एकत्रीकरण होऊन गट पडले, तिथे आधी एकत्रीकरणाच्या उताऱ्यावरून जुना सर्व्हे नंबर काढावा आणि मग भूमी अभिलेख कार्यालयात जावे.

३) जुनी भाषा ओळखावी. नोंदी बऱ्याचदा मोडीत असतात. जाणकाराकडून वाचून घ्याव्यात. ‘रामा बिन खंडू’ म्हणजे खंडूचा मुलगा रामा. ‘कोम’ म्हणजे अमक्याची बायको. आडनाव पुष्कळदा नसतेच, तेव्हा त्यावर अडून बसू नये. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो. शके १८०० म्हणजे १८७८-७९. फसली सनात ५९० मिळवावेत.

४) एका कागदावर भिस्त ठेवू नये. आजोबांचे नाव नातवाला ठेवायची आपली रीत, त्यामुळे एकाच घरात दोन खंडू निघतात. जन्म-मृत्यूचे जुने रजिस्टर, त्र्यंबक-नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या, दक्षिणेकडील जिल्ह्यांत हेळव्यांची वंशावळ, हे सारे पडताळून पाहावे. बापाचे नाव, गाव आणि शेत जुळले, तरच माणूस आपला.

५) ‘ए.कु.मॅ.’ दिसले की थांबावे. याचा अर्थ एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. नाव थोरल्याचे लागले, म्हणजे जमीन त्याच्या एकट्याची झाली असे नव्हे. धाकटे भाऊ कागदावर दिसत नाहीत, त्यांचा शोध घ्यावा. बहिणी तर वंशावळीत लिहिल्याच जात नसत. २००५ च्या दुरुस्तीने लेकीलाही वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हक्क आहे. ‘दिल्या घरची’ म्हणून तिचे नाव गाळणे आता चालणार नाही.

आपल्या मागच्यांना हीच पायपीट करावी लागू नये, याची तजवीज आपल्याच हाती आहे. घरात कुणी गेले तर तीन महिन्यांच्या आत वारसाची वर्दी द्यावी. कारखान्याच्या शेअरवर नेमलेल्या वारसाचे नाव बरोबर आहे का, तेही पाहावे. आणि घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसापाशी एक दिवस वही घेऊन बसावे. दप्तर उद्याही मिळेल. म्हाताऱ्या माणसाच्या मुखातले नाव उद्या मिळेलच असे नाही.