क्लाइन बोनेरच्या पाण्यात एक सकाळ



कॅरिबियन समुद्राचा नकाशा उघडा आणि व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यापासून उत्तरेकडे सुमारे ८० किलोमीटर बोट सरकवा. तिथे बोनेर नावाचे बेट सापडेल. त्याच्या पश्चिमेला, जेमतेम ८०० मीटरांवर आणखी एक चिमुकले बेट आहे. त्याचे नाव क्लाइन बोनेर. डच भाषेत ‘क्लाइन’ म्हणजे लहान. क्षेत्रफळ सुमारे ६ चौरस किलोमीटर, जमीन सपाट, झुडपे खुरटी, आणि वस्ती अजिबात नाही. पर्यटक जहाजाने प्रवास करताना आम्हाला या बेटाभोवतालच्या पाण्यात एक सकाळ घालवायला मिळाली. तिथे पाहिलेले, शिकलेले आणि आमच्या हातून चुकलेले असे तिन्ही या लेखात सांगत आहोत.

बंदरात

बोनेर हे नेदरलँड्सच्या अखत्यारीतले बेट. १० ऑक्टोबर २०१० पासून त्याला त्या देशाच्या खास नगरपालिकेचा दर्जा आहे. राजधानीचे नाव क्रालेंडाइक. त्याचा अर्थ ‘प्रवाळाचा बांध’ असा सांगतात. लोक पापियामेंटु भाषा बोलतात. तिच्यात पोर्तुगीज, स्पॅनिश, डच आणि आफ्रिकी भाषांचे शब्द मिसळले आहेत. धक्क्यावर उतरताच एका बाईंनी ‘बोन दिया’ म्हणून आमचे स्वागत केले आणि आम्ही चमकलो. आपल्या गोव्यातली जुनी मंडळी सकाळी असेच तर म्हणत! पोर्तुगीजांची गलबते किती दूरवर पोचली होती, हे इतिहासाच्या धड्यापेक्षा त्या दोन शब्दांनी चटकन कळले.

जहाज सकाळी ८ वाजता लागले होते आणि संध्याकाळी ५ ला सुटणार होते. आम्ही आधी निसर्ग शुल्क भरले. ते भरल्याशिवाय पाण्यात उतरता येत नाही. मग छोट्या होडीने पलीकडच्या बेटाकडे निघालो. या भागात वारा बहुतेक वर्षभर पूर्वेकडून वाहतो. मोठे बोनेर तो अडवते, म्हणून त्याच्या आडोशाला असलेल्या क्लाइन बोनेरच्या बाजूचे पाणी शांत असते. होडीवाल्याने आम्हाला किनाऱ्यालगत एका ठिकाणी उतरवले. तिथून पाण्याच्या प्रवाहाबरोबर तरंगत ‘नो नेम’ म्हणजे ‘नाव नसलेल्या’ किनाऱ्यापर्यंत जायचे होते. तिथे होडी आमची वाट पाहणार होती.

साधने आणि त्यांच्यामागचे विज्ञान

स्नॉर्केलिंगला तीन वस्तू लागतात. डोळे आणि नाक झाकणारा काचेचा मुखवटा, तोंडात धरायची वाकडी नळी म्हणजे स्नॉर्केल, आणि पायांत घालायचे वल्ह्यासारखे फिन्स. पोहता येत असले तरी आम्ही तरंगण्याचे जाकीट घातले होते.

मुखवटा का लागतो? आपला डोळा हवेतून येणाऱ्या प्रकाशासाठी घडलेला आहे. पाणी थेट डोळ्याला लागले की प्रकाश पुरेसा वळत नाही आणि सगळे धूसर दिसते. मुखवट्यामुळे डोळ्यांपुढे हवेचा थर राहतो व चित्र स्पष्ट होते. मात्र पाण्यातून हवेत येताना प्रकाशाचे अपवर्तन होते. त्यामुळे ४ हातांवरचा मासा ३ हातांवर असल्यासारखा वाटतो आणि मोठाही दिसतो. आमच्यातल्या प्रत्येकाने दिसलेल्या माशाचे माप वाढवून सांगितले, त्यात थोडा दोष प्रकाशाचा होता!

नळी साधारण ३५ ते ४० सेंटिमीटर लांब असते. ती २ मीटर लांब केली तर खोल पाण्यात राहून श्वास घेता येईल का? नाही. एक मीटर खोलीवर छातीच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारे १०० ग्रॅम वजनाइतका जादा दाब पडतो. त्या दाबाविरुद्ध छाती फुगवणे फार अवघड जाते. शिवाय लांब नळीत आपणच सोडलेली हवा साचून राहते आणि तीच पुन्हा आत घेतली जाते. म्हणून नळी आखूड, आणि माणूस पृष्ठभागावर.

पाण्याखाली काय दिसले

किनाऱ्याजवळ तळ उथळ होता. थोडे पुढे गेल्यावर, १० मीटर खोलीच्या आसपास, तो एकदम उतरत निळ्या अंधारात गेला. त्या काठावर प्रवाळांची बाग पसरली होती. माणसाच्या मेंदूसारख्या वळ्यांचे गोल प्रवाळ, प्रवाहात डुलणारे जांभळे समुद्रपंखे, आणि हात लावला तर आग होते असे पिवळसर अग्निप्रवाळ. अग्निप्रवाळ नावाने प्रवाळ असले तरी ते खऱ्या दगडी प्रवाळांच्या गटातले नाही.

प्रवाळ दगडासारखे दिसते, पण तो प्राण्यांचा समूह आहे. प्रत्येक प्राणी इवलासा. तो समुद्राच्या पाण्यातून चुना घेऊन स्वतःभोवती कठीण घर बांधतो. त्याच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहते. शैवाल सूर्यप्रकाशात अन्न तयार करते व त्यातला मोठा वाटा प्रवाळाला देते. प्रवाळ त्याला निवारा देतो. पाणी नेहमीपेक्षा फार तापले की ही सोबत तुटते. शैवाल निघून जाते, प्रवाळ पांढरा पडतो, आणि असेच चालू राहिले तर उपाशी मरतो. गोल प्रवाळ वर्षाला साधारण एक सेंटिमीटर किंवा त्याहूनही कमी वाढतात. म्हणजे फुटबॉलएवढा प्रवाळ तुमच्या वयाचा किंवा तुमच्याहून मोठा असू शकतो.

खाली पोपटमासे प्रवाळावर चोच घासत होते. शांतपणे ऐकले तर कुरकुर आवाज येतो. ते प्रवाळावरचे शेवाळ खातात. त्याबरोबर पोटात गेलेल्या प्रवाळाचा चुरा होतो आणि तो वाळू होऊन बाहेर पडतो. किनाऱ्यावरच्या पांढऱ्या वाळूत त्यांचाही वाटा आहे. शेवाळ वेळच्या वेळी खाल्ले गेले नाही तर ते प्रवाळावर पसरून त्याला गुदमरवते. १९८३-८४ मध्ये कॅरिबियन समुद्रातले लांब काट्यांचे काळे सी अर्चिन एका रोगाने जवळजवळ नाहीसे झाले. तेही शेवाळ खाणारेच. तेव्हापासून पोपटमाशांवरचा भार वाढला. म्हणून २०१० मध्ये बोनेरमध्ये पोपटमासे पकडण्यावर बंदी आली.

आमची चूक

अर्ध्या वाटेत आमच्यातल्या एकाच्या मुखवट्यात पाणी शिरले. खोकला आला, घाबरगुंडी उडाली, आणि पायाखाली काहीतरी टणक लागताच तो त्यावर उभा राहिला. उभे राहिल्यावर जिवात जीव आला. पाय काढला तेव्हा खाली प्रवाळाची एक फांदी मोडून पडली होती. तिची मोडलेली बाजू पांढरीशुभ्र दिसत होती.

वाटाड्या तरुण होता. त्याने आधी माणसाला धीर दिला, पाठीवर उताणे तरंगायला लावले आणि मुखवटा रिकामा करून दिला. होडीत बसल्यावर मात्र तो म्हणाला, “तुम्ही एकदाच आलात आणि चुकून उभे राहिलात. पण जहाजातून उतरणारा प्रत्येक माणूस एकदाच येतो.” आम्ही माना खाली घातल्या. चूक कोणाची ते इथे लिहीत नाही, कारण दोष सर्वांचाच होता. उतरण्यापूर्वी त्याने उथळ पाण्यात मुखवटा रिकामा करण्याचा सराव करायला सांगितले होते, आणि आम्ही “येतं आम्हाला” म्हणून तो टाळला होता.

जपणूक कशी होते

बोनेरमध्ये भाल्याने मासे मारण्यावर १९७१ मध्ये आणि प्रवाळ तोडण्यावर १९७५ मध्ये बंदी आली. १९७९ मध्ये बेटाभोवतीचा समुद्र सागरी उद्यान झाला. स्टिनापा ही संस्था त्याची देखभाल करते आणि आम्ही भरलेले शुल्क त्या कामी येते. नांगराने प्रवाळ फुटतात, म्हणून होड्या पाण्यावर कायम ठेवलेल्या बोयांना बांधतात. पाणबुड्यांना हातमोजे घालायलाही मनाई आहे. कारण सोपे आहे: मोजे नसले की माणूस कशालाही हात लावायला धजत नाही! ऑक्सिबेन्झोन व ऑक्टिनॉक्सेट ही द्रव्ये असलेली उन्हापासून बचावाची मलमे २०२१ पासून तिथे विकता येत नाहीत.

क्लाइन बोनेर स्वतः एकोणिसाव्या शतकापासून खासगी मालकीचे होते. तिथे हॉटेले उभारण्याचे बेत होते. लोकांनी ते होऊ दिले नाही. १९९९ मध्ये बेट विकत घेऊन पुन्हा सार्वजनिक केले गेले. त्याच्या वाळूत आजही समुद्री कासवे अंडी घालतात.

एवढी काळजी घेऊनही संकटे टळलेली नाहीत. २०२३ मध्ये समुद्र अतिशय तापला आणि त्याच वर्षी दगडी प्रवाळांचा एक घातक रोग बोनेरला पोचला. तापमान आणि रोग एका बेटाच्या हातात नसतात. पाहुण्यांचे पाय आणि नांगर मात्र असतात, म्हणून ते लोक तेवढे तरी काटेकोरपणे सांभाळतात.

आपल्या किनाऱ्यावर

वास्कोजवळच्या ग्रांडे बेटाभोवती आणि मालवणच्या समुद्रातही प्रवाळ आहेत, आणि सुट्टीत तिथे स्नॉर्केलिंगला गर्दी होते. आपल्या देशात २००१ पासून सर्व दगडी प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. ते तोडणे, गोळा करणे किंवा विकणे गुन्हा आहे. पालकांनीही हे ध्यानात ठेवावे. शोभेच्या कपाटात ठेवायला प्रवाळाचा तुकडा घरी आणू नये.

पाण्यात उतरण्यापूर्वी लक्षात ठेवा

१. एकट्याने कधीही उतरू नका. जोडीदार आणि जाणकार माणूस सोबत हवा.
२. मुखवटा रिकामा करण्याचा सराव कमरेएवढ्या पाण्यात, वाळूवर उभे राहून करा.
३. घाबरलात तर उभे राहू नका. पाठीवर उताणे तरंगा.
४. उन्हासाठी मलमापेक्षा लांब बाह्यांचा सदरा बरा.
५. कशालाही हात लावू नका, माशांना खाऊ घालू नका, काहीही उचलून आणू नका.

करून पाहा

एका भांड्याच्या तळाशी नाणे ठेवा आणि ते काठाआड जेमतेम दिसेनासे होईल इतके मागे सरका. मित्राला भांड्यात हळूहळू पाणी ओतायला सांगा. नाणे पुन्हा का दिसू लागले? आणि आमच्या माशांची मापे का वाढली? दोन्हींचे उत्तर एकच आहे. वहीत आकृती काढून विज्ञानाच्या शिक्षकांना दाखवा.