शुभेच्छापत्रांचा छोटा व्यवसाय : शंका-समाधान

प्रश्न : मी जलरंगात काम करते. लवासात दासवेच्या तलावाकाठच्या रंगीत इमारती, तिथला पूल, पावसाळ्यातले धबधबे अशी बारा चित्रं काढली आहेत. त्यांची कार्डं छापून शनिवार-रविवारी येणाऱ्या पर्यटकांना विकायची आहेत. इमारती दुसऱ्याच्या मालकीच्या आहेत, तर परवानगी लागेल का? कोणी म्हणतं लागते, कोणी म्हणतं नाही. (एक वाचक, लवासा)

उत्तर : लागत नाही. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२ मध्ये हे स्पष्ट लिहिलं आहे. वास्तूचं चित्र, रेखाटन किंवा छायाचित्र करणं आणि ते प्रसिद्ध करणं म्हणजे वास्तुरचनाकाराच्या हक्काचा भंग नव्हे. सार्वजनिक जागी कायमस्वरूपी उभ्या असलेल्या शिल्पालाही हीच सूट आहे. तेव्हा दासवेच्या काठावरची ती पोर्तोफिनोच्या धर्तीवरची इमारतींची रांग तुम्ही खुशाल रंगवा आणि विका.

तीन ठिकाणी मात्र जपा. पहिलं म्हणजे चित्र स्वतः पाहून किंवा स्वतः काढलेल्या फोटोवरून केलेलं असावं. इंटरनेटवरचा कुणाचा फोटो समोर ठेवून हुबेहूब उतरवलात, तर इमारतीचा प्रश्न येणार नाही, पण फोटोग्राफरचा नक्की येईल. दुसरं, कुठल्याही कंपनीचं किंवा हॉटेलचं बोधचिन्ह कार्डावर घेऊ नका. चित्राखाली ‘दासवे, लवासा’ असं ठिकाणाचं नाव लिहायला हरकत नाही, मात्र तेच नाव आपल्या व्यवसायाला देऊ नका. तिसरं, हॉटेलच्या आवारात बसून चित्र काढायचं असेल तर आत बसण्याची परवानगी मालकाकडून घ्या. तो जागेचा प्रश्न आहे, चित्राचा नाही.

आता न विचारलेलं एक सांगते. बारापैकी किती चित्रांत इमारती आहेत ते मोजा. लवासाचं बांधकाम २०१० मध्ये पर्यावरण मंत्रालयाच्या नोटिशीने थांबलं, २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली, आणि त्या रंगीत काठाचं पुढे काय होईल हे तुमच्या-माझ्या हातात नाही. मोसे खोरं मात्र तुमच्या अंगणात आहे. वरसगावचं पाणी, उतारावर फुललेली कारवी, आंबेमोहोराची खाचरं, आवणीला वाकलेल्या बाया, धुक्यात अर्धा दिसणारा डोंगर ही चित्रं तिथे राहणाऱ्या माणसाशिवाय कोण काढणार? इमारतींचा फोटो प्रत्येक पर्यटकाच्या मोबाइलमध्ये आधीच असतो. त्याच्याकडे नसलेलं तुम्ही द्या. निम्मा संच इमारतींचा आणि निम्मा खोऱ्याचा ठेवा, हा माझा आग्रहाचा सल्ला आहे.

प्रश्न : हातकागदावर कार्डं छापली. जुलैत पाहिलं तर कार्डं वाकलेली, पाकिटांचे फ्लॅप आपोआप चिकटलेले, आणि प्लास्टिकच्या पाऊचमध्ये बुरशीचे ठिपके. कागद खराब निघाला का? (एक वाचक, पौड)

उत्तर : कागद चांगलाच असणार. साठवण चुकली आहे. मुळशीच्या पावसात हवेतली ओल इतकी असते की कुठलाही कागद ती पितो, आणि हातकागद जास्तच पितो, कारण तो सुती चिंध्यांच्या लगद्यापासून होतो आणि सैलसर असतो.

उपाय सांगते. हातकागदावरची वर्षाची छपाई दिवाळीनंतर सुरू करून मेपर्यंत आटोपा. छापून झाल्यावर कार्डं दोन-तीन दिवस पंख्याखाली मोकळी पसरा, मगच पाऊचमध्ये भरा. ओल आत ठेवून पाऊच बंद केला की बुरशी आलीच. गठ्ठे सपाट ठेवा, वर वजन द्या, आणि घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका. पाकिटांना ओला डिंक असलेला फ्लॅप नकोच. पट्टी सोलून चिकटवायचा फ्लॅप घ्या. जुना साठा संपवायचा असेल तर प्रत्येक फ्लॅपखाली बटर पेपरची पट्टी सरकवा. काम कंटाळवाणं आहे, पण पाकिटं वाचतात.

गिरणीच्या कागदावरचं कार्ड घडीवर फुटतं अशी तक्रारही तुमच्या पत्रात आहे. त्याचं कारण वेगळं. गिरणीच्या कागदाला ग्रेन असतो, म्हणजे तंतू एका दिशेने पडलेले असतात. कागद दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून पाहा. ज्या बाजूने तो सहज वाकतो, त्या रेषेला समांतर घडी आली पाहिजे. प्रेसवाला कागद वाचवायला आडवी मांडणी करतो आणि घडी ग्रेनला छेदते, मग शाई तडकते. ऑर्डर देतानाच ‘ग्रेन घडीला समांतर’ असं लिहून द्या आणि घडीआधी क्रीज मारून घ्या. हातकागदात तंतू सगळीकडे पसरलेले असतात, तिथे ग्रेनचा प्रश्न नाही. क्रीज तिथेही हवीच.

कागद कुठला घ्यावा, हे पुष्कळजण विचारतात. पुण्यात शिवाजीनगरला हातकागद संस्था आहे. गांधीजींच्या प्रेरणेने के. बी. जोशींनी ती १९४० मध्ये उभी केली. एकदा स्वतः जाऊन कागद हाताळून पाहा. ऑनलाइन फोटोवरून हातकागद कधीही मागवू नये.

प्रश्न : कार्ड छापायला मला १८ रुपये पडतात, पाकिटाचे ३. मी ४० रुपयांना विकते. कॅफेवाल्यांनी रॅक ठेवायची तयारी दाखवली आहे, पण ते विक्रीच्या ४० टक्के मागतात. हे जास्त नाही का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : टक्केवारी या धंद्यात चालते तशीच आहे. तुमची किंमत कमी आहे. हिशेब मांडा. ४० पैकी १६ कॅफेचे, राहिले २४, त्यातून २१ खर्च गेला. हातात तीन रुपये, आणि चित्राला लागलेले दिवस अजून धरलेच नाहीत. शंभर कार्डं विकली गेली तर तुम्हाला तीनशे रुपये मिळतील. चित्रकाराने अशा भावात काम करू नये, आणि गिऱ्हाइकालाही अशा भावाची सवय लावू नये, कारण त्याची झळ पुढच्या चित्रकाराला बसते.

तेच कार्ड ८० रुपयांना ठेवलं तर कॅफेचे ३२ जाऊन ४८ उरतात, खर्च वजा जाता २७. ‘एवढे कोण देईल?’ असं तुम्ही विचाराल. चांगल्या कागदावरचं, खाली चित्रकाराची सही असलेलं, त्याच गावाचं चित्र असेल तर फिरायला आलेला माणूस देतो. सगळ्यांना स्वस्तात द्यायचं मनात असेल तर साध्या आर्ट कार्डवर एकेरी पोस्टकार्डं छापा आणि ती कमी भावात ठेवा. घडीचं कार्ड पाडून विकू नका.

कॅफेशी ‘विकेल तसे पैसे’ असा व्यवहार असेल, तर माल देताना डिलिव्हरी चलन करा. त्यावर नग, किंमत, टक्केवारी, हिशेबाची तारीख, आणि डागळलेल्या कार्डांची भरपाई कोणी करायची, हे लिहून दोघांच्या सह्या घ्या. तोंडी व्यवहारात दिवाळीनंतर हटकून वाद होतात.

प्रश्न : ग्राहक टपालाने मागवतात. तिकीट किती लावायचं? (एक वाचक, मुळशी)

उत्तर : साध्या पत्राला पहिल्या २० ग्रॅमपर्यंत ५ रुपये, पुढच्या प्रत्येक २० ग्रॅमला आणखी ५. म्हणून कार्डाचा आकार ठरवण्याआधी वजन करा. ३०० जीएसएमचं, घडी घालून ए-६ होणारं कार्ड साधारण ९ ग्रॅम भरतं, १२० जीएसएमचं पाकीट ५ ग्रॅमच्या आसपास. म्हणजे ५ रुपयांत जातं. पाच बाय सात इंचाचं कार्ड घेतलंत की पाकिटासह वजन २० च्या जरा वर सरकतं आणि तिकीट दुप्पट होतं. कमी तिकीट लावलं तर फरकाच्या दुप्पट पैसे पत्र घेणाऱ्याकडून वसूल होतात, आणि शुभेच्छा घेणाऱ्याला भुर्दंड बसतो. माग काढता यावा असं पाठवायचं असेल तर आता स्पीड पोस्टच करावं लागेल. १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर्ड पोस्ट त्यातच विलीन झालं आहे.

प्रश्न : एका रिसॉर्टने पैसे देऊन माझ्याकडून चित्र काढून घेतलं. आता तेच चित्र त्यांच्या कार्डांवर, डायऱ्यांवर, मगवर दिसतं. माझं नावही नाही. काही करता येईल का? (एक वाचक, पिरंगुट)

उत्तर : तुमचं पत्र वाचून वाईट वाटलं, कारण हे फार जणांच्या बाबतीत घडतं. कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार कुणाच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन चित्र काढलं, तर उलट करार नसेल तेव्हा कॉपीराइटचा पहिला मालक चित्र सांगणारा असतो. त्यामुळे मगवरच्या छपाईबद्दल पैसे मागणं कठीण आहे. चित्रकार म्हणून नाव मिळण्याचा हक्क मात्र कलम ५७ खाली तुमच्याकडेच आहे. हक्क विकला गेला तरी तो जात नाही. आधी लेखी पत्र देऊन नाव छापण्याची मागणी करा. बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं.

यापुढे आगाऊ रक्कम घेण्याआधी चार ओळी लिहून घ्या : कॉपीराइट चित्रकाराकडे राहील, वापर फक्त अमुक वस्तूंवर, अमुक नगांपर्यंत, अमुक वर्षं, आणि नाव छापलं जाईल. जिथे हक्कच विकत आहात तिथे मुदत आणि प्रदेश नक्की लिहा. मुदत लिहिली नाही तर कायदा पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नाही तर संपूर्ण भारत.

स्वतःच्या मनाने काढलेल्या चित्राची गोष्ट वेगळी. ते कागदावर उतरताच हक्क तुमचा होतो, नोंदणी सक्तीची नाही. कच्ची रेखाटनं तारखेसह जपून ठेवा, नक्कल झाली तर तोच पुरावा.

प्रश्न : मराठी कार्डांवर कुसुमाग्रजांच्या ओळी घालू का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : परवानगीशिवाय नको. कवीच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो. कुसुमाग्रज १९९९ मध्ये गेले, म्हणजे २०५९ अखेरपर्यंत. ज्ञानेश्वर, तुकाराम, केशवसुत, बालकवी यांना हे बंधन नाही. अक्षरांचंही पाहा. ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे ‘मुक्त’ आणि ‘बलू’ हे देवनागरी फॉन्ट खुल्या परवान्याचे आहेत, छापील कार्डांवर विनामूल्य वापरता येतात. कुणी पाठवलेला फॉन्ट परवाना न पाहता वापरू नका.

प्रश्न : जीएसटी आणि नोंदणीचं काय? (अनेक वाचक)

उत्तर : महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात माल विकता आणि वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणीची गरज नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून राज्यांतर्गत ऑनलाइन विक्रीमंचावर विकणाऱ्या छोट्यांनाही ही सवलत आहे, फक्त नावनोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. परराज्यात माल पाठवला की सर्वसाधारणपणे नोंदणी लागते. हस्तकलेच्या ठराविक वस्तूंना त्यातून सूट आहे, तुमची वस्तू त्या यादीत बसते का हे सनदी लेखापालाकडून तपासून घ्या. उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर आधार आणि पॅनवर पूर्ण मोफत होते. त्यासाठी पैसे मागणाऱ्याला देऊ नका.

पुढच्या वेळी दिवाळी आणि संक्रांतीच्या कार्डांच्या वेळापत्रकावर लिहायचं आहे. दुकानदार दिवाळीचा माल गणपतीच्या आधी पाहायला मागतात. तेव्हा त्याबद्दलच्या शंका लवकर पाठवा, आणि पत्रासोबत कार्डाचा एक नमुना जरूर जोडा.