मौखिक इतिहास : बालाघाटच्या मुलांच्या हाताशी असलेले करिअर

2006 च्या वनहक्क कायद्याच्या नियमांत एक महत्त्वाची तरतूद आहे. जमिनीवरचा जुना ताबा सिद्ध करताना दावेदार सोडून गावातल्या इतर वडीलधाऱ्यांनी सांगितलेली आणि लिहून घेतलेली हकिकतही पुरावा म्हणून मांडता येते. मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्याच्या बैहर भागातल्या बैगा आणि गोंड कुटुंबांसाठी याचे मोल फार मोठे आहे. मात्र ती हकिकत नीट विचारून, सांगणाऱ्याच्या तोंडी आपले शब्द न घालता उतरवून घेणारा माणूस लागतो. हे काम शिकता येते आणि त्यावर पोटही भरता येते. या अभ्यासाला मौखिक इतिहास म्हणतात.

काम नेमके काय?

ज्यांनी घटना स्वतः पाहिल्या-भोगल्या, त्यांच्या सविस्तर मुलाखती ध्वनिमुद्रित करायच्या, शब्दशः उतरवायच्या, कागदपत्रांशी ताडून पाहायच्या आणि पुढच्या पिढ्यांना वापरता येतील अशा जपून ठेवायच्या. अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात अ‍ॅलन नेव्हिन्स यांनी 1948 मध्ये याला विद्यापीठीय शिस्त दिली.

मराठीत यातले भक्कम काम आधीच झाले आहे. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांना भेटून ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक 1989 मध्ये सिद्ध केले. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी मुंबईच्या गिरणगावाचा इतिहास तिथल्या माणसांच्या तोंडून ऐकून 2004 मध्ये इंग्रजीत मांडला. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी सहकाऱ्यांसह जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या.

आपल्या भागालाही ही परंपरा आहे. मानवशास्त्रज्ञ व्हेरियर एल्विन यांचा बैगांवरचा ग्रंथ 1939 मध्ये आला. त्यांचे सहकारी शामराव हिवाळे यांनी 1946 मध्ये परधानांवर पुस्तक लिहिले. बाना वाजवत गोंडांच्या वंशावळ्या आणि कथा सांगणारे परधान तर पिढ्यानुपिढ्या हेच काम करत आले आहेत.

बालाघाटच्या मुलांचे भांडवल

या जिल्ह्यातले अनेक विद्यार्थी घरी पोवारी बोलतात, शाळेत हिंदी, गोंदियाकडच्या नातेवाइकांशी मराठी. काहींना गोंडी येते. मोठ्या शहरातला संशोधक इथे येतो तेव्हा त्याला दुभाषा शोधावा लागतो. आजी बोलता बोलता कुठे अडखळली, कोणता विषय तिने टाळला, हे मात्र तिची भाषा जगलेल्यालाच कळते.

विषयांची तर वाण नाही. भरवेलीच्या मँगनीज खाणीत आणि मलाजखंडच्या तांब्याच्या खाणीत आयुष्य घालवलेले कामगार आहेत. गोंदिया-बालाघाट-नैनपूर-जबलपूर या छोट्या लाईनवर नोकरी केलेले रेल्वे कर्मचारी आहेत. ती लाईन आता ब्रॉडगेज झाली. कान्हाच्या जंगलातून उठवलेल्या गावांची माणसे आहेत. वारासिवनीचे विणकर आहेत, चिन्नोर भात पिकवणारे शेतकरी आहेत. 1907 च्या जिल्हा गॅझेटिअरमध्ये साहेबाच्या नजरेतून दिसणारा बालाघाट सापडतो. खाणीत पहिल्यांदा उतरलेल्या मजुराला काय वाटले, हे त्याच्याकडूनच ऐकावे लागते, आणि ते सांगणारी पिढी आता थकली आहे. म्हणून या कामाला घाई आहे.

बारावीनंतर काय?

‘मौखिक इतिहास’ नावाची पदवी शोधत बसू नका. ही एक अभ्यासपद्धत आहे. इतिहास, मानवशास्त्र, समाजशास्त्र किंवा भाषाविज्ञान यांपैकी एका विषयाची पदवी घ्या आणि ही पद्धत त्यात शिका. घराजवळ राहायचे असेल, तर बालाघाटच्या शासकीय महाविद्यालयातूनही सुरुवात होते. पुढे सागरचे डॉ. हरिसिंह गौर विद्यापीठ आणि अमरकंटकचे इंदिरा गांधी राष्ट्रीय जनजातीय विद्यापीठ ही केंद्रीय विद्यापीठे आहेत; तिथल्या प्रवेशासाठी सीयूईटी या सामाईक प्रवेश परीक्षेची तयारी ठेवा. दिल्लीच्या आंबेडकर विद्यापीठात सामुदायिक ज्ञानावर काम करणारे स्वतंत्र केंद्र आहे. कागदपत्रे आणि ध्वनिफिती जपण्याची आवड असेल, तर राष्ट्रीय अभिलेखागाराच्या दिल्लीतील संस्थेत अभिलेखशास्त्राचा पदविका अभ्यासक्रम करता येतो.

पालकांचा प्रश्न : मिळकत किती?

स्पष्ट सांगायला हवे. ‘मौखिक इतिहासकार’ या नावाच्या कायम नोकऱ्या फार थोड्या आहेत. प्रकल्पावरचे काम असते आणि प्रकल्प संपला की पुढचा शोधावा लागतो. म्हणून या कौशल्याला एका पक्क्या पात्रतेची जोड द्या.

पहिली वाट अध्यापन-संशोधनाची. नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनवृत्ती मिळाल्यास 2023 पासून दरमहा 37,000 रुपये मिळतात. दुसरी वाट अभिलेखागारांची. मुंबईत गोदरेज उद्योगसमूहाचे, बंगळुरूत एनसीबीएस या विज्ञानसंस्थेचे अभिलेखागार मौखिक इतिहास जमवते. मुंबईची ‘स्पॅरो’ ही संस्था 1988 पासून स्त्रियांचे अनुभव नोंदवते. तिसरी वाट वस्तुसंग्रहालये, पत्रकारिता, माहितीपट आणि वनहक्कावर काम करणाऱ्या संस्थांची. मुलाखत घेता येणारा, बोलीतून अचूक भाषांतर करणारा माणूस या सगळ्यांना लागतो. शासकीय सेवेची तयारी करणाऱ्यालाही इतिहास-मानवशास्त्राचा अभ्यास कामी येतो.

आजपासून काय करावे?

सुरुवातीला मोबाइलचा रेकॉर्डर पुरतो. पंखा आणि टीव्ही बंद करा, फोन बोलणाऱ्याच्या जवळ ठेवा. आधी संमती घ्या: ध्वनिमुद्रण कशासाठी, कोण ऐकणार, नाव द्यायचे की नाही. निरक्षर व्यक्तीची संमती तिच्याच भाषेत, आवाजात नोंदवा. नंतर तिने एखादा भाग काढायला सांगितला, तर तो काढा. हा तिचा हक्क आहे.

‘तेव्हा फार हाल झाले ना?’ असे विचारले की उत्तर आपणच दिल्यासारखे होते. ‘खाणीतल्या पहिल्या दिवशी काय काय झाले?’ असे विचारा आणि गप्प राहा. एका तासाचे ध्वनिमुद्रण उतरवायला चार ते सहा तास सहज जातात, बोलीत असेल तर जास्तच. फाइलच्या तीन प्रती ठेवा, त्यांतली एक घराबाहेर. आठवणीत सालांची गल्लत होते. ती दुरुस्त करून लपवू नका, शेजारी टीप द्या.

पालकहो, या सुट्टीत मुलाला किंवा मुलीला गावातल्या तीन वडीलधाऱ्यांच्या मुलाखती घेऊ द्या आणि त्या शब्दशः उतरवू द्या. उतरवण्याचे कंटाळवाणे काम तिने कोणी न सांगता पूर्ण केले आणि नवा प्रश्न घेऊन ती पुन्हा त्यांतल्याच एखाद्या आजोबांकडे गेली, तर तिची आवड खरी आहे असे समजा. मग इतिहासाचा किंवा मानवशास्त्राचा अर्ज भरताना तिच्या पाठीशी उभे राहा. जिल्ह्याला अशा मुलांची गरज आहे.