कवटीपासून दिंडीपर्यंत

प्रयोगशाळेत व्हर्नियर कॅलिपर हाती घेतला की काय मोजायचे ते ठरलेले असते: नळीचा व्यास, नाही तर ठोकळ्याची लांबी. मानवशास्त्रज्ञांजवळही एक कॅलिपर असतो. त्याचे पाय बाकदार असतात आणि त्याने ते माणसाचे डोके मोजतात. डोक्याच्या रुंदीला लांबीने भागून १०० ने गुणले की शीर्षनिर्देशांक मिळतो. कवटीचा हा अंक ७५ पेक्षा कमी आला तर ती लांबट, ८० च्या वर गेला तर गोल, आणि या दोहोंमध्ये मध्यम, अशी जुनी वर्गवारी आहे.

आता एक गणित करू या. कवटीची लांबी १७६ मिलिमीटर आणि रुंदी १४० मिलिमीटर असेल, तर अंक येतो ७९.५, म्हणजे मध्यम. रुंदी मोजताना हात चुकला आणि १४२ आली, तर अंक होतो ८०.७. कवटी तीच, पण ती आता गोल झाली! वर्गांमधल्या या रेषा आपणच आखलेल्या असतात. तरीही अशा आकड्यांच्या आधारे एक काळ कोणता मानववंश श्रेष्ठ आणि कोणता कनिष्ठ, हे बिनदिक्कत सांगितले जात असे.

त्याच काळात इरावती कर्वे (१९०५–१९७०) बर्लिनला ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली संशोधन करीत होत्या. कवटीची डावी आणि उजवी बाजू अगदी सारखी नसते. हा फरक युरोपीय लोकांत अधिक असावा आणि त्याचा त्यांच्या बुद्धीशी संबंध असावा, अशी फिशर यांची अटकळ होती. इरावतीबाईंनी निरनिराळ्या देशांतील सुमारे दीडशे कवट्या मोजल्या. फरक सगळीकडेच आढळला, पण त्याचा वंशाशी संबंध काही दिसला नाही. तसे त्यांनी प्रबंधात लिहिले. मार्गदर्शकाच्या मताविरुद्ध जाणारे वाचन वहीत जसेच्या तसे उतरवणे किती कठीण असते, हे प्रयोगवह्या तपासणारा माझ्यासारखा मास्तर चांगले जाणतो.

पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात असताना त्यांनी महाराष्ट्रातील अनेक जातींच्या लोकांची मापे घेतली. वि. म. दांडेकर यांच्यासह लिहिलेला त्याविषयीचा ग्रंथ १९५१ साली निघाला. तो इंग्रजीत आहे आणि कोष्टकांनी भरलेला आहे. ज्यांची डोकी मोजली, त्यांपैकी किती जणांनी तो वाचला असेल? तार मोजली तर तार काही विचारीत नाही. माणूस मात्र विचारतो, ‘बाई, हे कशाला?’ आणि त्याचे उत्तर त्याला कळेल अशा भाषेत मिळायला हवे.

हे कसे साधते, ते एका उदाहरणाने पाहू. १९५३ साली इरावतीबाईंचा भारतातील नातेसंबंधांवरचा मोठा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. उत्तरेत सामान्यतः मामाच्या मुलीशी लग्न चालत नाही, दक्षिणेत चालते आणि महाराष्ट्रातल्या पुष्कळ जातींतही चालते, असे त्यात दाखवले आहे. आता हीच गोष्ट घरातल्या एका शब्दापासून सुरू करा. जुन्या वळणाच्या सुना सासूला ‘आत्याबाई’ म्हणत. सासू ही आत्या कशी? मुलाने मामाच्या मुलीशी लग्न केले, तर त्या मुलीची सासू तिची कोण लागते? वडिलांची बहीण, म्हणजे सख्खी आत्या! नाते नसलेल्या घरात पडलेली सूनही तेच म्हणत राहिली. कोष्टक न काढता निम्मा सिद्धांत समजला की नाही?

इरावतीबाई स्वतः मराठीत लिहीत. आमच्या प्राध्यापक मंडळींत असे लेखन म्हणजे फावल्या वेळचा उद्योग मानणारे पुष्कळ आहेत. मीही त्यांतलाच होतो. माझे मत बदलले ते त्यांचा वारीवरचा लेख वाचून. ज्ञानेश्वरांच्या पालखीबरोबर त्या दिंडीतून पंढरपूरला चालत गेल्या आणि जे दिसले ते त्यांनी साध्या मराठीत लिहिले. त्यात गाणी आहेत, चिखल आहे, सोबतच्या बायका आहेत आणि त्या स्वतःही आहेत. दिवसभर एका तालात चालणारी एकच दिंडी, पण जेवणाच्या वेळी ब्राह्मण आणि मराठे वेगळे होत. हे त्यांना खुपले आणि ते त्यांनी लपवले नाही. महाराष्ट्र कोठवर पसरला आहे, याचे उत्तर त्यांना नकाशात न मिळता पंढरीला निघालेल्या माणसांच्या गावांत मिळाले. कॅलिपरच्या कोष्टकात निरीक्षकाला जागा नसते. इथे निरीक्षक वाचकाच्या शेजारून चालतो, त्यामुळे तो कोठे उभा राहून पाहतो आहे, हे वाचकाला ताडून घेता येते. आणि गंमत पाहा, सामान्य मराठी वाचकांसाठी लिहिलेल्या या लेखाचे इंग्रजी भाषांतर १९६२ साली ‘जर्नल ऑफ एशियन स्टडीज’ या विद्वानांच्या नियतकालिकाने छापले!

‘युगान्त’ तुमच्या ग्रंथालयात असेलच. महाभारतातली माणसे माणसांसारखी पाहणाऱ्या त्या पुस्तकाला १९६८ सालचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. कोयना धरणामुळे उठवल्या गेलेल्या लोकांची पाहणीही त्यांनी जाई निंबकर यांच्यासह केली. ती १९६९ साली प्रसिद्ध झाली.

या सुट्टीत एक प्रयोग करा. आजी किंवा शेजारच्या वृद्ध बाई सासूला, सासऱ्यांना आणि नणंदेला काय म्हणत, ते त्यांना विचारा. ते का हवे आहे, हे आधी सांगा. मग गावाच्या नावासह वहीत लिहा. दहा घरे झाली की कोणता शब्द किती वेळा आला ते मोजा आणि त्यावर एक पान लिहा. ते पान शिक्षकांना दाखवण्यापूर्वी आजीला वाचून दाखवा. ती दोन-चार चुका काढील. त्याही वहीत उतरवून घ्या.