मैत्रिणीची चिक्की माझ्या पानावर कशी?

प्रश्न : लोणावळ्यातल्या चिक्कीच्या दुकानासाठी ऑनलाइन ऑर्डर घेणारा प्रोजेक्ट मी जेएसपीत करते आहे. घरी एकटीने चालवला की नीट चालतो. मैत्रिणीने त्याच वेळी तिच्या फोनवरून ऑर्डर टाकली, तर तिचे किलो माझ्या पानावर दिसतात. व्हेरिएबल मी डिक्लरेशन टॅगमध्ये लिहिलं होतं. ते काढून बीन वापरली, तर पुढच्या पानावर ऑर्डर रिकामीच! हा आकडा ठेवायचा तरी कुठे?
– एक विद्यार्थिनी, वडगाव मावळ

उत्तर : आधी किलो सगळ्यांचे झाले, मग कुणाचेच उरले नाहीत. दोन्ही वेळा चुकला तो स्कोप.

जेएसपी पानाचा सर्व्हरवर सर्व्हलेट क्लास तयार होतो. स्क्रिप्टलेटमधलं व्हेरिएबल त्या क्लासच्या सर्व्हिस मेथडच्या आत पडतं, म्हणून प्रत्येक रिक्वेस्टला ते नव्याने तयार होतं. उद्गारचिन्हवाल्या डिक्लरेशन टॅगमधलं व्हेरिएबल मात्र मेथडच्या बाहेर, क्लासच्या अंगावर जातं. त्या क्लासचा ऑब्जेक्ट सहसा एकच असतो आणि एकाच वेळी आलेल्या रिक्वेस्ट वेगवेगळ्या थ्रेडवरून तोच हाताळतो. त्यामुळे तुमचे किलो सगळ्या गिऱ्हाइकांत सामाईक झाले. पावसाळ्यातल्या रविवारी भुशी धरणावरून परतणारी मंडळी एकदम ऑर्डर देऊ लागली असती, तर केवढा गोंधळ उडाला असता!

आता बीनकडे. यूजबीन टॅग दिलेल्या आयडीची बीन आधी सांगितलेल्या स्कोपमध्ये शोधतो. सापडली तर तीच वापरतो, नसली तर नवी करतो. स्कोप लिहिलाच नाही, तर तो ‘पेज’ धरला जातो. पान संपलं की बीन गेली. पुढच्या पानाने नवी, कोरी बीन केली.

स्कोप चार आहेत. तुमच्या दुकानात त्यांची वाटणी अशी होईल :

पेज : या पानापुरती केलेली बेरीज.

रिक्वेस्ट : ‘पत्ता अपुरा आहे’ असा निरोप. फॉरवर्ड केल्यावर तो पुढच्या पानापर्यंत पोचतो. रीडायरेक्ट केलं, तर ब्राउझर नवी रिक्वेस्ट पाठवतो आणि निरोप हरवतो.

सेशन : गिऱ्हाइकाची चालू ऑर्डर. तुमच्या किलोंची जागा हीच. सर्व्हर ब्राउझरला सहसा कुकीवरून ओळखतो. टॉमकॅटवर मूळ सेटिंगनुसार ३० मिनिटं हालचाल नसली, तर सेशन संपतं.

ॲप्लिकेशन : सर्वांना सारखा असलेला भावफलक. यातली बीन सगळे थ्रेड वापरतात, म्हणून भाव बदलणारा कोड सिंक्रोनाइज्ड ठेवा.

तेव्हा ऑर्डरच्या बीनला सेशन स्कोप द्या आणि दोन्ही पानांवर आयडी, क्लास, स्कोप तंतोतंत तेच लिहा. एका पानावर सेशन आणि दुसऱ्यावर रिक्वेस्ट लिहिलं, तर दोन निराळ्या बीन होतात आणि एररही येत नाही.

आणखी काही खाचखळगे आहेत. एकाच ब्राउझरच्या दोन टॅबमध्ये तपासणी करू नका. त्यांचं सेशन एकच असतं. दोन वेगळे ब्राउझर घ्या. सेटप्रॉपर्टीत तारांकन वापरलं, तर फॉर्मच्या रकान्यांची नावं जुळवून बीन भरली जाते. पण रिकामा रकाना दुर्लक्षिला जातो. गिऱ्हाइकाने ‘सूचना’ खोडली, तरी सेशनमधल्या बीनमध्ये जुनीच राहते. ती कोडने पुसावी लागते. शिवाय इन्क्लूड डायरेक्टिव्हने जोडलेल्या फाइलमधलं स्क्रिप्टलेटचं व्हेरिएबल मुख्य पानाला दिसतं, कारण दोन्हींचा मिळून एकच क्लास होतो. इन्क्लूड ॲक्शनने बोलावलेलं पान वेगळं चालतं, तिथे ते दिसत नाही.

सन मायक्रोसिस्टिम्सने १९९९ मध्ये आणलेलं जेएसपीचं तंत्र आज जकार्ता या नावाखाली चालू आहे. टॉमकॅट १० पासून सर्व्हलेट-जेएसपीच्या पॅकेजचं नाव ‘जावाएक्स’ऐवजी ‘जकार्ता’ झालं, म्हणून जुन्या पुस्तकातला कोड तिथे अडू शकतो. चार स्कोप मात्र तेच आहेत.

नवं व्हेरिएबल लिहिताना दोन गोष्टी ठरवा : ते कुणाचं आणि त्याची गरज किती वेळ? ज्या लहानात लहान स्कोपमध्ये काम भागेल, तोच निवडा. पैसे भरून पक्की झालेली ऑर्डर मात्र कोणत्याच स्कोपच्या भरवशावर ठेवू नका, लगेच डेटाबेसमध्ये नोंदवा.