राजीनाम्याची घाई नको

माझा उजवा हात लुळा पडला नसता, तर आज मला पेन्शन नसती. ऐकायला विचित्र वाटेल, म्हणून नीट सांगतो.

मी सोनारीचा. परंडा तालुक्यातलं आमचं गाव लोकांना काळभैरवनाथामुळं, चैत्रातल्या यात्रेमुळं माहीत. पोटासाठी मी मात्र लांबच्या एका साखर कारखान्यात मिलहाउसला फिटर होतो. नोकरीला आठ वर्षं झाली होती. ऐन गाळपात लकवा मारला आणि उजवी बाजू गेली. दवाखाना झाला, बोलणं परत आलं, हात आला नाही. पाना धरता येत नाही तो फिटर कसला?

महिनाभरानं ऑफिसातून निरोप आला, "राजीनामा द्या, हिशेब लगेच करून देतो." सांगणाऱ्याच्या मनात कपट होतं असं मला अजूनही वाटत नाही. त्यांना जागा भरायची होती, मला औषधाला पैसे हवे होते. राजीनामा टाइप करून ठेवलेला, सोबत पीएफचे फॉर्म १९ आणि १०सी भरून तयार. फक्त सही करायची. पण सहीचा हातच चालेना, आणि अंगठा घ्यायचा तर साक्षीदार हवा. म्हणून कागद घरी आले आणि भाच्याच्या हाती पडले. त्यानं वाचून विचारलं, "मामा, राजीनाम्याचं कारण 'घरगुती' कसं लिहिलंय? आणि हा १०सी भरून पेन्शनचे पैसे काढून घेतले, तर पुढं पेन्शन कशी मागणार?"

आमच्याकडं सगळ्यांना एवढंच ठाऊक असतं, की पीएफच्या पेन्शनला दहा वर्षांची नोकरी लागते. कर्मचारी पेन्शन योजना १९९५ मध्ये त्याला एक मोठा अपवाद आहे. नोकरीत असताना कायमचं आणि पूर्ण अपंगत्व आलं, तर दहा वर्षांची अट नाही. एका महिन्याची वर्गणी भरलेली असली तरी पुरे. अपंगत्व यंत्रात सापडूनच यायला हवं असंही नाही. घरी झोपेत झटका आला तरी चालतो. त्या वेळी जी कामं माणसाला येत होती, ती आता कायमची होणार नाहीत, हे वैद्यकीय तपासणीत ठरतं. त्यासाठीचा अर्ज १०डी. पेन्शन किमान महिना १,००० रुपये. फार नाही, पण जन्मभराची आहे.

सगळी मेख 'नोकरीत असताना' या शब्दांत आहे. आधी राजीनामा देऊन मग दाखले गोळा करायला निघालं, तर दुखणं कधीचं हे सिद्ध करता करता नाकी नऊ येतात. त्यामुळं आधी दवाखान्याचे कागद तारखेनिशी कारखान्याच्या आवकेत द्यायचे, पोच घ्यायची, रजेचा अर्ज आजाराचं नाव लिहून करायचा. तोवर पैशांची अडचण असेल, तर आजारपणासाठी पीएफमधून परत न फेडायची उचल मिळते. नोकरी अपंगत्वामुळं सुटली, तर ग्रॅच्युइटीला पाच वर्षांची अटही लागत नाही.

ईएसआयचं, म्हणजे कामगार विम्याचं काय, असं मला पुष्कळ जण विचारतात. ईएसआय लागू असलेल्या कामगाराला पुरेशी वर्गणी भरली असेल तर आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के भत्ता मिळतो. पण निव्वळ साखर बनवणारा कारखाना हंगामी धरला जातो आणि हंगामी कारखान्यांना ईएसआय नाही. ज्याच्या अंगमेहनतीवर गाळप चालतं त्यालाच ही सोय नसावी, हे मला आजही पटत नाही.

अपंगत्वाचा दाखला वेगळा. युडीआयडीच्या पोर्टलवर अर्ज करायचा आणि धाराशिवला जिल्हा रुग्णालयाच्या मंडळापुढं जायचं. डिस्चार्ज कार्ड, स्कॅन, औषधांच्या चिठ्ठ्या, काही म्हणजे काही फेकू नका. बहुतेक सवलतींना किमान ४० टक्के लागतात. एक गोष्ट आधीच समजून घ्या: २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार नाही. डायलिसिसवरचा माणूस कामाला कितीही असमर्थ असला, तरी केवळ त्या आजारावर हा दाखला मिळत नाही.

शेतमजुरांना, ऊसतोड्यांना पीएफ कुठला? त्यांनी तहसीलमधल्या संजय गांधी निराधार शाखेत जावं. तिथं दिव्यांगांबरोबर पक्षाघात, कर्करोग, क्षयरोग अशा आजारांच्या रुग्णांचाही विचार होतो. उत्पन्नाचा दाखला मात्र कडक बघतात. आणि बँक वर्षाला २० रुपये कापते त्या विम्याच्या भरवशावर राहू नका. तो अपघाताचा आहे. लकव्याला त्यातून काही मिळत नाही.

एसटी, जिल्हा परिषद, सरकारी खात्यांतल्यांनी तर राजीनाम्याचं नावच काढू नये. नोकरीत अपंगत्व आलं म्हणून सरकारी आस्थापनेला माणूस काढता येत नाही, त्याला दुसरं झेपणारं काम द्यावं लागतं, असं त्याच दिव्यांग हक्क कायद्याचं कलम २० सांगतं. खाजगी कारखान्यातल्या आमच्यासारख्यांना ते कवच नाही.

तुमच्या घरात कुणी असं आजारपणानं कामावरून परतलं असेल, तर त्याच्यापुढं आलेला प्रत्येक कागद त्याला मोठ्यानं वाचून दाखवा. त्यात 'घरगुती कारणास्तव' असं दिसलं, तर ते खोडून आजाराचं नाव घालायला लावा आणि तोवर अंगठा उठवू देऊ नका.