एचआयव्हीबाधितांचे नैराश्य व त्यावरील उपचार

बीदर जिल्ह्याच्या हुमनाबाद तालुक्यातील हळ्ळीखेड (बी) सारख्या गावात एखाद्या एचआयव्हीबाधिताने गोळ्या घेणे मध्येच सोडले, तर घरची मंडळी त्याला हट्टी ठरवून मोकळी होतात. पुष्कळदा तो हट्ट नसतो, नैराश्य असते.

सरकारी केंद्रांतून एआरटी औषधे १ एप्रिल २००४ पासून मोफत मिळू लागली. ती रोज आणि आयुष्यभर घ्यावयाची असतात. खंड पडल्यास विषाणू पुन्हा वाढतो व कालांतराने औषधास दाद देईनासा होतो. ज्याला सकाळी अंथरुणातून उठणेही नकोसे वाटते, त्याच्याकडून ही शिस्त कशी पाळली जाणार? "असा आजार म्हटल्यावर दुःख व्हायचेच" ही समजूत म्हणूनच घातक होय. दोन आठवडे वा अधिक काळ उदासी, कामात मन न लागणे, झोप व भूक बिघडणे, स्वतःला निरुपयोगी मानणे ही लक्षणे दिसली, तर तो स्वतंत्र आजार समजावा. क्षयरोग, रक्तक्षय, मद्यपान यांमुळेही अशी अवस्था येते. पूर्वी सर्रास दिल्या जाणाऱ्या एफाविरेन्झ या औषधानेही काहींची मनःस्थिती बिघडत असे. तेव्हा तपासणी आधी.

उपचारासाठी मोठे रुग्णालयच हवे असे नाही. गोव्यातील दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्याच्या ४९५ रुग्णांवर एक प्रयोग झाला; त्याचे निष्कर्ष २०१७ साली छापून आले. मानसोपचाराची पदवी नसलेल्या, परंतु प्रशिक्षित समुपदेशकांनी सहा ते आठ बैठकांत रुग्णांना सुटलेली कामे व तुटलेल्या गाठीभेटी हळूहळू पुन्हा सुरू करण्यास साहाय्य केले. तीन महिन्यांनी त्यांच्यापैकी ६४ टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर आले; केवळ नेहमीचे उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते. हे रुग्ण एचआयव्हीचे म्हणून निवडलेले नव्हते. तथापि पद्धत त्यांनाही उपयोगी पडण्यासारखी आहे.

गरज भासल्यास डॉक्टर फ्लुओक्सेटिन वा सर्ट्रालिनसारखे औषध देतात. गुण यावयास दोन ते चार आठवडे लागतात. बरे वाटताच ते आपण होऊन बंद करू नये. एआरटी चालू असल्याचे डॉक्टरांस अवश्य सांगावे, कारण काही औषधे परस्परांस बाधक ठरतात.

या सीमाभागात कानडी, मराठी व उर्दू शेजारी नांदतात. मनातले दुःख परक्या भाषेत सांगता येत नाही, हे समुपदेशकाने ध्यानी ठेवावे. बाधिताचे नाव संमतीवाचून उघड करण्यास २०१७ च्या कायद्याने मनाई आहे. शिक्षक व ग्रामपंचायत सदस्यही त्यास अपवाद नाहीत. जीव देण्याचे विचार बोलून दाखविणाऱ्यास एकटे सोडू नये, तात्काळ रुग्णालयात न्यावे. टेलि-मानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर अहोरात्र, मराठी व कानडीतूनही, बोलता येते.